ऑब्री सेल्विन अंगणात उतरतो

ऑब्री सेल्विनसारखा सज्जन माणूस आमच्या धंद्यात टिकतो कसा, ह्यावर मी आणि ग्विन कायम पैजा लावायचो. धंदा म्हणजे टीव्हीसाठी माहितीपट बनवायचे. ऑब्री दिग्दर्शक, ग्विन कॅमेऱ्यावर आणि मी, डेस, आवाजावर. खांद्याला टेपचं मशीन, कानांवर हेडफोन आणि हातात लांब काठी, तिच्या टोकाला माईक. वाऱ्याची खरखर येऊ नये म्हणून माईकला राखाडी केसाळ टोपडं घातलेलं असतं. मांजरासारखं दिसायचं म्हणून मी त्याला टॅबी म्हणायचो. पोरं जमली की टॅबीला त्यांच्या पायांत सोडायचं आणि तोंडानं म्याँव करायचं. एकदा एका बिशपच्या कानाशी केलं होतं. बिशप हसला, ऑब्री आठवडाभर माफीची पत्रं लिहीत बसला.

असा माणूस. त्याच्या कोटाच्या खिशात मी उकडलेली कोबी भरून ठेवायचो, तर तो ‘अरेच्चा, ही इथे कुठून’ म्हणत बिचारा खाऊन टाकायचा. अशा माणसाची फिरकी घ्यायला मजा येत नाही हो. तरी मी घ्यायचो, सवय म्हणून.

सरे परगण्यातल्या पाद्र्याचा मुलगा. टीव्हीच्या ऑफिसात फिल्मचे डबे उचलण्यापासून सुरुवात केलेली. मग समुद्रात बुडणाऱ्यांना वाचवणाऱ्या होडीवाल्यांवर एक फिल्म केली, मग एका प्रसूतिगृहावर, मग बंद पडत चाललेल्या टोप्यांच्या कारखान्यावर. तिन्हींना बक्षिसं. लंडनमधले पेपरवाले त्याला ‘न दिसणारा माणूस’ म्हणायचे. कारण ऑब्रीचा हट्टच तसा होता. दिवे लावायचे नाहीत, प्रश्न विचारायचे नाहीत, फिल्मवर कुणाचा आवाज चढवून लोकांना काही सांगायचं नाही. “आपण तिथे नसतोच, डेस,” असं मला दर सोमवारी ऐकवायचा. मी म्हणायचो, मग पगार कोण घेतं?

तर असे आम्ही तिघं सत्तरच्या दशकात एका उन्हाळ्यात यॉर्कशरमधल्या थॉर्लबीला जाऊन पडलो. माझं गाव तिथून बसनं दोन थांबे, म्हणून लोक माझ्याशी नीट बोलायचे. ऑब्रीशी बोलताना ते टीव्हीवर बातम्या देत असल्यासारखे बोलायचे.

थॉर्लबीत कोळशाची खाण, खाणवाल्यांचा क्लब आणि कबुतरं. ह्याच क्रमानं म्हणा किंवा उलट. ज्याच्यावर फिल्म करायची तो क्लिफर्ड हेग, खाणीतून निवृत्त झालेला, बुटका, मान आखूड, बोलणं त्याहून आखूड. मागच्या अंगणात त्यानं स्वतःच्या हातानं बांधलेली हिरवीपांढरी ढाबळ, म्हणजे कबुतरांचं घर. आयुष्यभर कबुतरं उडवली, छोट्या शर्यती बऱ्याच जिंकल्या, पण फ्रान्सहून येणारी मोठी शर्यत कधी हाताला लागली नव्हती. त्या वर्षी त्याच्याकडे डचेस होती. करड्या रंगाची मादी. तिच्याबद्दल क्लिफर्ड बोलायला लागला की त्याच्या बायकोला, डोरीनला, खोली सोडून जावं लागायचं, इतकं तो गोड बोलायचा.

आणि क्लिफर्डला जगात एकाच जागी मान होता, तो क्लबात. चर्चमध्ये तो जात नसे, पोरंबाळं नव्हती, खाण सुटली होती. रविवारी दुपारी क्लबात शिरला की खिडकीजवळची खुर्ची त्याच्यासाठी रिकामी करायचे. नवीन पोरं पिल्लू हातात घेऊन यायची, काका, ह्याचा पंख बघा. तो बघायचा, मान हलवायचा, पोरगं खूश होऊन जायचं. एवढीच कमाई, पण ती त्याची त्यानं केलेली.

शर्यतीची गोष्ट सोपी आहे. सगळी कबुतरं लॉरीतून फ्रान्सला नेतात, सकाळी सोडतात आणि ती आपापल्या घरी उडत येतात. पण घरावर येऊन चालत नाही. पाखरू ढाबळीच्या आत आलं पाहिजे, मालकानं त्याच्या पायातलं रबराचं कडं काढून शर्यतीच्या घड्याळात टाकलं पाहिजे, तेव्हा वेळेची नोंद होते. पाखरू छपरावर बसून पिसं साफ करत राहिलं तर मालकानं खाली उभं राहून डबा वाजवत रडायचं. म्हणून शर्यतीच्या शनिवारी थॉर्लबीत कुणी धुणं वाळत घालत नाही, कुणी लाल स्वेटर घालून अंगणात येत नाही, आणि पाहुणे? पाहुण्यांना सासूच्या घरी पाठवतात.

क्लिफर्डनं आम्हाला पहिल्याच दिवशी बजावलं होतं. शर्यतीच्या दिवशी तुम्ही स्वयंपाकघरात, जाळीच्या पडद्यामागे, हलायचं नाही. ऑब्रीनं लगेच कबूल केलं. त्याच्या तत्त्वात ते बसतच होतं.

शनिवार उजाडला तो असा, की ऊन जणू भाड्यानं आणलंय. आम्ही तिघं स्वयंपाकघरात, ग्विननं कॅमेरा ओट्यावर लावलेला, मी टॅबीला खिडकीच्या फटीतून बाहेर काढलेलं. डोरीननं आदल्या दिवशी केस सेट करून आणले होते आणि ते मोडू नयेत म्हणून ती मानच हलवत नव्हती. क्लिफर्ड अंगणात येरझारा घालत होता. गळ्यात नवा टाय. कबुतरांसाठी टाय घातलेला माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता आणि मी पाहिलंय बरंच.

ऑब्री पडद्यातून बघत होता. काही बोलला नाही, देवाशपथ. पण त्याच्या कपाळावर दिसत होतं, की पडद्याच्या जाळीतून सगळं धुरकट येणार. मग क्लिफर्डच दारात आला. टायची गाठ चाचपली. म्हणाला, इथून तुम्हाला काही दिसायचं नाही, मिस्टर सेल्विन, ती खाली उतरते ते बघण्यासारखं असतं. या बाहेर. त्या कोबीच्या वाफ्याजवळ उभे राहा, तिथून घड्याळपण दिसेल.

ऑब्री म्हणाला, “नक्की ना, मिस्टर हेग?”

“माझी मादी आहे. मला माहीत नाही होय?”

डोरीन ओट्यापाशी उभी होती. तिनं नवऱ्याकडे पाहिलं, टायकडे पाहिलं आणि कप धुवायला घेतले. ते आधीच धुतलेले होते.

आम्ही उतरलो अंगणात.

डचेस आली ती सगळ्या थॉर्लबीच्या आधी. दक्षिणेकडून एक ठिपका, मग पंख, मग क्लिफर्डच्या घशातून असा आवाज निघाला की माझ्या मशीनवरचा काटा उडाला. तिनं ढाबळीवर एक फेरी घेतली, पाय खाली सोडले आणि मग तिला आम्ही दिसलो. एक उंच माणूस, एक डोळ्याला काळी पेटी लावलेला, आणि एक काठीवर मांजर घेतलेला. पाखरू बिचारं काय समजणार? सरळ वर गेली आणि शेजारच्या धुराड्यावर जाऊन बसली.

क्लिफर्डनं दाण्यांचा डबा वाजवला. ये ये ये, बाळ, ये. ती टॅबीकडे टक लावून बसली होती. मी काठी हळूच खाली घेतली, कोबीत लपवली. मग क्लिफर्ड ओठ न हलवता आम्हाला म्हणाला, आत जा रे बाबांनो, हळूहळू आत जा.

मी पाय उचलला. ऑब्रीनं हात आडवा केला. “क्षणभर,” तो कुजबुजला, “कुणी हलू नका.” नंतर त्यानं मला सांगितलं, की हललो असतो तर ती आणखी बिचकली असती. असेलही. पण ग्विनचा कॅमेरा क्लिफर्डच्या चेहऱ्यावर होता आणि तो चेहरा वर बघत होता, आणि मी इतकी वर्षं ह्या धंद्यात काढलीत, तसा चेहरा मिळायला लोक जन्म घालवतात. ऑब्रीला ते कळलं होतं. मला ते कळलं होतं, म्हणून उचललेला पाय मी परत ठेवला.

डचेस बसून राहिली. डबा वाजत राहिला. मग दोन गल्ल्यांपलीकडून, रॉनी ब्लेमायर्सच्या अंगणातून, आरोळी उठली. त्याचं पाखरू आत गेलं होतं, वेळ नोंदली गेली होती. क्लिफर्डनं डबा खाली ठेवला. डबा थांबला तशी डचेस उतरली, शहाण्यासारखी चालत ढाबळीत गेली. त्यानं तिचं कडं काढलं, घड्याळात टाकलं, तिला कुरवाळलं. मग आमच्यासाठी चहा टाकायला गेला. चहाबरोबर केक दिला. ऑब्रीनं केक तसाच बशीत ठेवला आणि मी तेव्हा एकही विनोद केला नाही, ह्याची ग्विन अजून आठवण काढतो.

रविवारी क्लबात क्लिफर्डनं सगळ्यांना सांगितलं, की मादी थकली होती, धुराड्यावर विटेसारखी बसली. आमचं नावही काढलं नाही. लोक हळहळले. रॉनी ब्लेमायर्सनं, जो एरवी कुणाला पाण्याचा ग्लास पाजणार नाही, त्याला बिअर पाजली. असं होतं रे क्लिफ, पाखरं आहेत, आपलं ऐकतात थोडीच. खिडकीजवळची खुर्ची रिकामीच होती. क्लिफर्ड तिच्यावर बसला.

बाहेर आल्यावर ऑब्री मला म्हणाला, “काय माणूस आहे. आपल्याला वाचवण्यासाठी स्वतःच्या पाखराला नावं ठेवतोय.” मलाही तसंच वाटलं. आम्ही दोघंही त्या माणसाच्या मोठेपणानं अगदी ओलेचिंब होऊन लंडनला परतलो.

फिल्म कापायला बसलो. पहिल्या कच्च्या फिल्ममध्ये ऑब्रीनं क्लिफर्डचं ‘आत जा रे बाबांनो’ काढून टाकलं. नुसती मादी, धुराडं आणि तो चेहरा. बघणाऱ्याला वाटावं, पाखरू आळशी निघालं आणि एका म्हाताऱ्याचं आयुष्य असंच गेलं. ऑफिसातल्या साहेब लोकांनी ती बघितली. एकानं चष्मा पुसला. एक जण म्हणाला, सेल्विन, हे तुझं सगळ्यांत मोठं काम. पुढच्या वर्षी सहा फिल्मची मालिका द्यायची बोलणी सुरू झाली.

ऑब्री मात्र दिवसेंदिवस आजारी गायीसारखा दिसायला लागला. मी खिशात ठेवलेली कोबी तशीच राहायला लागली. एकदा संकलनाच्या खोलीत त्यानं दार लावलं आणि मला म्हणाला, की मी खोटारडा आहे. आपण तिथे होतो. आपण होतो म्हणूनच ती उतरली नाही. ते वाक्य परत जोडायचं, आणि माझं ‘कुणी हलू नका’ पण. लोकांना कळू दे चूक कुणाची.

मी त्याच्या पाठीवर थाप मारली. मला फार आनंद झाला होता. हा सभ्य माणूस स्वतःच्याच शेपटीवर पाय द्यायला निघाला होता आणि वर ते योग्यही होतं, ह्याहून मजेशीर काय असणार? मीच टेप शोधून दिली, आवाज स्वच्छ करून दिला. क्लिफर्डचं बोलावणं मात्र टेपवर नव्हतं. मशीन मी अंगणात उतरल्यावर सुरू केलं होतं.

ऑब्रीची एक पद्धत होती. फिल्म टीव्हीवर जायच्या आधी ज्यांच्यावर बनवली त्यांना तो स्वतः जाऊन दाखवायचा. त्यासाठी त्यानं थॉर्लबीला फोन केला. डोरीननं उचलला. आपण एक गोष्ट सुधारली आहे, मिस्टर हेगना न्याय मिळेल, असं काहीतरी तो बोलला. ती म्हणाली, राहू दे ना राजा, झालं ते झालं. फोन ठेवून ऑब्री मला म्हणाला, बघ, किती साधी माणसं.

रविवारी भरदुपारी क्लबातल्या मोठ्या खोलीत पडदा लावला. अख्खा क्लब आला होता, बायकांसकट. मटणाचे पॅटिस आणि वाटाणे, ताटं मांड्यांवर. क्लिफर्ड खिडकीजवळ, तोच टाय. डोरीन शेजारी, केस परत सेट केलेले. मी येताना टॅबीला मुद्दाम आणलं होतं, दारावरच्या बाईच्या मानेवर फिरवून तिला किंचाळायला लावलं. सगळे खिदळले. थॉर्लबीत मला कुणी गंभीरपणे घेत नसे, मीही नाही.

फिल्म सुरू झाली. स्वतःला पडद्यावर बघून लोक एकमेकांना कोपरानं ढोसत होते. अरे रॉनी, तुझं टक्कल केवढं चमकतंय. क्लिफर्ड गालातल्या गालात हसत होता. मग शनिवार आला, ऊन आलं, ठिपका आला. खोली शांत झाली, कारण हे सगळं त्यांना पोटातून कळत होतं. डचेसनं पाय खाली सोडले. वर गेली. आणि क्लिफर्डचा आवाज आला, आत जा रे बाबांनो, हळूहळू आत जा. मग ऑब्रीचा, कुणी हलू नका.

कुणीतरी काटा ताटात ठेवल्याचा आवाज झाला.

मी ऑब्रीकडे पाहिलं. तो ताठ बसला होता, शिव्या खायला तयार. बक्षीस घ्यायला स्टेजवर बसतात ना, तसाच. शिव्या आल्याच नाहीत. रॉनी ब्लेमायर्स खुर्चीत वळला तो आमच्याकडे नाही, खिडकीकडे.

“क्लिफ,” तो म्हणाला, “शर्यतीच्या दिवशी तू ह्यांना अंगणात उभं केलंस?”

क्लिफर्डनं टायची गाठ चाचपली.

“आणि काठीवर मांजर?” मागून कोणीतरी.

खोली फुटली. काय हसले लोक. माझी बायको शनिवारी चड्डी वाळत घालत नाही आणि ह्यानं सर्कस बोलावली. अरे बँड नाही आणलास क्लिफ? टाय बघा, टाय बघा त्याचा, टीव्हीसाठी. एक पोरगं, जे त्याच्याकडे पिल्लं दाखवायला यायचं, ते हसता हसता डोळे पुसत होतं. तेव्हा मला समजलं. पाखरू थकलं तर माणसाची कीव येते. पण शर्यतीच्या दिवशी अंगणात परकी माणसं? ही चूक पहिल्या वर्षाचं पोर करत नाही. क्लिफर्डनं आम्हाला वाचवलंच नव्हतं. तो स्वतःला वाचवत होता. टीव्हीवर दिसायच्या हौसेपायी डोकं गहाण टाकलं, हे त्याला कुणाला कळू द्यायचं नव्हतं. आणि आम्ही दोन न्यायी पुरुषांनी ते पडदा लावून, सगळ्या क्लबाला जमवून दाखवलं होतं.

रॉनीनं तेवढ्यात त्याला ‘सर्कसवाला’ म्हटलंही. लोकांना टोपणनावं देण्यात माझी हयात गेली आहे. कोणतं नाव चिकटतं ते मला ऐकताक्षणी कळतं. हे चिकटणारं होतं. क्लिफर्डची मान कॉलरपासून वर लाल होत चालली होती. डोरीन पर्सचं बक्कल उघडत होती, बंद करत होती.

ऑब्री उभा राहिला. प्रोजेक्टर अजून चालू होता, त्याच्या शर्टावर धुराडं आणि डचेस दिसत होती.

“त्यांनी नाही बोलावलं,” तो म्हणाला. “त्यांनी आम्हाला घरात थांबायला सांगितलं होतं. ते बाहेर गेल्यावर आम्ही मागचं दार उघडून अंगणात आलो. त्यांना कळलं तेव्हा मादी आली होती.”

ह्या माणसाला खोटं बोलता येत नाही हे आंधळ्यालाही दिसलं असतं. लोक थांबले खरे, पण चेहरे साशंक. मग रॉनीनं माझ्याकडे बोट केलं. “तू सांग रे डेस. खरंय?”

सगळी खोली माझ्याकडे बघायला लागली. आता हा काहीतरी मस्करी करणार, म्हणून काहींनी हसायची तयारी पण केली होती. मी टॅबीला खुर्चीखाली ठेवलं.

“खरंय,” मी म्हटलं. “कडी मी काढली.”

पुढे काही जोडलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा मी एवढंच बोलून थांबलो आणि त्यांनी विश्वास ठेवला.

मग मात्र शिव्या आल्या. त्या काय इथे लिहीत नाही, यॉर्कशरच्या शिव्यांना कागद पुरत नाही. माणसानं सांगितलेलं ऐकायचं नाही, त्याच्या घरात चहा प्यायचा आणि त्याचंच पाखरू घालवायचं. बायकांनी जास्त सुनावलं. ज्या पोरानं हसून डोळे पुसले होते ते क्लिफर्डच्या खुर्चीमागे जाऊन उभं राहिलं. रॉनी म्हणाला, क्लिफ, लेका, तू बोलला का नाहीस, आम्ही ह्यांना तेव्हाच खाणीत टाकलं असतं. आणि क्लिफर्ड हेगनं, ज्यानं आम्हाला कोबीच्या वाफ्याजवळची जागा दाखवली होती, मान खाली घातली आणि म्हणाला, “पाहुणे होते ना.”

सगळ्यांना तो देव वाटला. मी त्याच्याकडे बघू शकलो नाही.

आम्ही सामान गाडीत भरत होतो तेव्हा तो बाहेर आला. ग्विन पुढे जाऊन बसला. मी मागे केबल गुंडाळत बसलो. ती आधीच गुंडाळलेली होती.

क्लिफर्ड म्हणाला, “मीच बोलावलं होतं तुम्हाला.”

“हो,” ऑब्री म्हणाला.

“मी गप्प बसलो आत.”

“मी तुम्हाला विचारायला हवं होतं आधी. दाखवायच्या आधी.”

दोघं गाडीच्या चाकाकडे बघत होते, जणू ते पंक्चर आहे. मग ऑब्री म्हणाला, की आता अख्खा क्लब टीव्हीवर हे बघणार. ते वाक्य काढून टाकलं तर विचारतील का काढलं, ठेवलं तर देशभरचे कबुतरवाले तुम्हालाच हसतील. त्यामुळे आत जे सांगितलं ते फिल्मवर पण सांगावं लागेल. माझ्या आवाजात. तुमची हरकत असेल तर नाही सांगणार.

क्लिफर्ड नाही म्हणू शकला असता. मला वाटतं ऑब्रीला तो नाही म्हणावा असं वाटत होतं. मलाही. क्लिफर्डनं टायची गाठ सैल केली.

“सांगा मग,” तो म्हणाला आणि आत गेला. हात मिळवला नाही कुणीच.

परतीच्या वाटेवर मी ऑब्रीला एक युक्ती सुचवली. असल्या कामात माझं डोकं चालतं. म्हटलं, नुसतं एवढंच सांग, की मिस्टर हेगनी आम्हाला घरात थांबायला सांगितलं होतं. पहिल्या दिवशी सांगितलंच होतं ना? खोटं पण नाही आणि काम पण झालं. ऑब्री खिडकीबाहेर बघत म्हणाला, नको डेस. खोटं बोलायचंय तर अर्ध्या खऱ्यामागे लपायचं नाही मला.

आठवड्याभरानं आम्ही आवाज घ्यायला बसलो. काचेपलीकडे ऑब्री, अलीकडे मी. कागदावर दोनच वाक्यं होती. शर्यतीच्या दिवशी मिस्टर हेग यांनी आम्हाला घरातच थांबायला सांगितलं होतं. त्यांची पाठ वळताच आम्ही दार उघडून अंगणात उतरलो आणि ते शर्यत हरले.

त्यानं वाचलं. माझ्या हेडफोनमध्ये दुसऱ्या वाक्याआधी त्याचा आवंढा ऐकू आला आणि ‘दार’ म्हणताना आवाज कापला. मी काचेवर टकटक करून अंगठा दाखवला.

“पुन्हा घेऊ,” तो म्हणाला.

“अरे छान आलंय.”

“नाही. ह्यात मला लाज वाटतेय हे ऐकू येतंय. लोकांना वाटेल बिचारा पस्तावलाय, आणि विचार करायला लागतील की का. क्लिफर्डलाही ऐकू येईल.”

म्हणून पुन्हा घेतलं. पुन्हा लाज आली. कधी आवाजात, कधी श्वासात, एकदा तर नुसती कागद धरण्यात, कागद कुरकुरला. मी प्रत्येक वेळी टेप मागे घ्यायचो आणि मान हलवायचो. त्याला सांगावं लागत नव्हतं. चहा आला, गार झाला. मी त्याला मधेच टॅबीचं म्याँव करून दाखवलं, हसवलं, आणि हसू ओसरतंय तोवर वाचायला लावलं. तेव्हा कुठे ते हवं तसं आलं. सपाट, स्वच्छ, उद्या पाऊस पडेल असं सांगितल्यासारखं.

तेच टीव्हीवर गेलं. देशभरातल्या कबुतरवाल्यांनी पोत्यानं पत्रं पाठवली, आमच्या नावानं खडे फोडणारी आणि क्लिफर्ड हेगच्या सभ्यतेचे गोडवे गाणारी. थॉर्लबीत त्याला क्लबाचा अध्यक्ष केलं. त्यानं आम्हाला कधी पत्र लिहिलं नाही, डोरीननं नाताळात एक कार्ड पाठवलं, आत फक्त दोघांची नावं होती आणि क्लिफर्डचं नावही तिच्याच अक्षरात होतं. सहा फिल्मची मालिका दुसऱ्या कुणाला गेली. ज्या पेपरानं ऑब्रीला ‘न दिसणारा माणूस’ म्हटलं होतं त्यानंच आता लिहिलं, की परक्याच्या घरात चोरासारखं शिरणं एक वेळ समजू शकतं, पण सेल्विनच्या आवाजात ह्याची किंचितही खंत नाही. इतका निर्लज्ज माणूस ह्या क्षेत्रात पाहण्यात नाही.

तो पेपर त्यानं मला स्वतः वाचून दाखवला. आम्ही डॉनकास्टरमधल्या एका कारखान्यात होतो, यंत्रात हात कसा घालू नये ह्यावर कामगारांसाठी फिल्म बनवत. ऑब्रीला हल्ली तीच कामं मिळत होती. पेपराची घडी घालून त्यानं खिशात ठेवला.

“आवाज चांगला घेतलास तू,” तो म्हणाला आणि यंत्रावरच्या माणसाला हातमोजे घालायला सांगायला निघून गेला.